परत आलेलं ताट

माझ्या आजीनं १९७२ साली खाल्लेल्या मिलोच्या कॅलरी मी २०२० साली मोजल्या. लॉकडाऊन नसता तर हे घडलं नसतं.

आहारशास्त्राच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. त्यापुढे हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. ती केल्याशिवाय इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आरडी परीक्षेला, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसता येत नाही. एका हॉस्पिटलनं मला घेतल्याचं पत्रही आलं होतं. मार्चच्या मध्यावर तिकडूनच दोन ओळींचा निरोप आला : शिकाऊ विद्यार्थ्यांनी पुढील सूचनेपर्यंत येऊ नये. डॉक्टरांनाच मास्क पुरतील की नाही अशी स्थिती. तिथे वाट्या मोजणाऱ्या मुलीला कोण आत घेणार? मी एसटीनं येवल्याला घरी आले आणि २५ तारखेपासून सगळा देशच बंद झाला.

आमच्या गल्लीत सकाळ होते ती मागाच्या खटखटीनं. त्या एप्रिलमध्ये ती थांबली. पैठणीचं रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. दोन्ही वाटा बंद. लग्नसराई बुडाली, तयार साड्या कपाटात पडून राहिल्या, आणि मागावरचा अर्धा विणलेला पदर वडिलांनी जुन्या चादरीनं झाकून ठेवला. जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्चअखेर लासलगावच्या बाजूला सापडला होता. मग मालेगावचे आकडे रोज टीव्हीवर दिसू लागले, आणि पुढे येवल्यातही रुग्ण निघाले. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले गेले.

कॉलेजनं ऑनलाइन काम दिलं : घरातल्या माणसांचा 'चोवीस तासांचा आहार' लिहून काढा. आमच्या धंद्यातलं हे पहिलं हत्यार. माणसाला कालच्या सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय पोटात गेलं ते आठवून सांगायला लावायचं, वाटी-चमचा दाखवून माप ठरवायचं, आणि त्याचं पोषणमूल्य काढायचं. मी स्टीलच्या तीन मापांच्या वाट्या, चमचे आणि वही घेऊन आजीसमोर बसले.

"आजी, काल सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"कालचं काय सांगायचं? तुझ्यासमोरच खाल्लं ना. बहात्तरचं सांगते, लिही."

आजी तेव्हा तीन लेकरांची आई होती. पाऊस नाही, बाजारात उठाव नाही, साडी घ्यायला कोण येणार? माग बंद पडला. येवला तालुक्याचा राजापूर-ममदापूरकडचा भाग, जिथे आता काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे, तिकडे पाऊस चांगल्या सालीही हात आखडून पडतो. त्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं आणि गल्लीतल्या बायकांबरोबर आजी खडी फोडायला जाऊ लागली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातली एक आमची आजी. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला त्याचं मूळ याच कामांत आहे. पण आजी कायद्याचं सांगत नाही, ती हातांचं सांगते. खडी फोडून हाताला भेगा पडल्या की रेशमाची तार त्यांत अडकते, तुटते. पाऊस झाला, माग पुन्हा सुरू झाला, तरी कितीतरी दिवस तिला कांडी भरू देत नव्हते. इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांना खडीऐवजी मागावरच काम दिलं गेलं होतं. कुणाच्या तरी डोक्यात हाताचा विचार आला होता म्हणायचा. बहात्तरला येवल्याच्या बायकांच्या वाट्याला मात्र घणच आला.

"आणि खायला?"

"रेशनला मिलो. लालभडक. भाकरी थापायला गेलं की फुटायची. वास निराळाच. गुरं खातेत म्हणं तिकडं अमेरिकेत." आजी हे सांगताना आजही नाक मुरडते. "आन् कामावर सुकडी."

भाजलेलं पीठ आणि गूळ यांची ती सुकडी. बहात्तर पाहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, दुष्काळाचं त्याला सगळ्यात आधी आठवेल ते मिलो आणि सुकडी. मी वहीत आकडे मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स' हे पुस्तक मांडीवर होतं. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७१ साली काढलं, म्हणजे दुष्काळाच्या बरोबर तोंडावर. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, दहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. मिलोही शेवटी ज्वारीच. चार भाकऱ्या, मूठभर सुकडी, कांदा-मिरची. बेरीज करून मी म्हटलं, "आजी, कष्टाच्या मानानं कमी होतं, पण अगदीच वाईट नव्हतं गं."

आजीनं वही हातात घेतली. तिला वाचता येत नाही, पण आकडे ओळखते. साडीचे भाव आयुष्यभर ऐकलेत.

"हे कुठून आणलं? हे तर वाढलेलं झालं."

मग खरी गोष्ट बाहेर आली. सुकडी तिथेच बसून खायची, घरी न्यायची नाही असा मुकादमाचा दंडक. बायका चार घास तोंडात टाकायच्या आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधायच्या. घरी लेकरं वाट बघत असायची. मिलोच्या भाकरीतलीही सासऱ्यांची, नवऱ्याची, पोरांची अशी वाटणी झाल्यावर उरेल ती तिची. "तुझ्या वहीतलं निम्मं बी माझ्या पोटात गेलेलं नही. वाढलेलं मोजू नको, परत आलेलं ताट बघ. आन् कुणाच्या ताटातून कुणाच्या ताटात गेलं, ते बघ."

कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत आहे : वाढलेलं अन्न वजा उरलेलं अन्न म्हणजे खाल्लेलं अन्न. घरातल्या घरात अन्न सरकतं, त्याचा हिशेब कुठल्या समीकरणात धरायचा, हे त्यात नाही.

सरकारनं भुकेचं माप ठरवण्याची गोष्ट बहात्तरपेक्षा बरीच जुनी आहे, आणि ती आपल्याच भागात घडली आहे. १८७६-७८च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपलला मद्रास आणि मुंबई इलाख्यात पाठवलं. टेंपलनं ठरवलं, दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. हाच टेंपल १८७४ साली बिहार-बंगालच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवत होता, आणि त्या उधळपट्टीबद्दल वरून बोलणी खात होता. एकदा माणसं वाचवली म्हणून टीका झाली की दुसऱ्यांदा सरकारी माणूस वजनकाटा घेऊन येतो.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. बाजरी धरली तर सोळाशे कॅलरींच्या थोडं वर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशी अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाला ३,४७० कॅलरी लागतात असं सांगतात. म्हणजे टेंपलनं दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला त्याच्या गरजेच्या निम्मंही दिलं नव्हतं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच विरोध केला. दीड पौंड धान्य हवं, शिवाय डाळ हवी, भाजी हवी, असा त्यांचा आग्रह होता. कॅलरी हा शब्द आपल्याकडे रुळलेला नसतानाचा हा वाद. आणि मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या बाजूला, हजारो माणसं घण खाली ठेवून कामावरून निघून गेली. उपाशी माणसांनी मापाविरुद्ध केलेला हा संप, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू उचलून धरली. आमच्या अभ्यासक्रमात या संपाचं नाव नाही. मला विचाराल तर भारतातल्या आहारशास्त्राचा पहिला धडा तिथून सुरू करायला हवा.

आजी स्वतः सांगते ते बहात्तर. त्याआधीचं सगळं तिनं तिच्या सासूकडून ऐकलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची, म्हणजे माझी पणजी. ही पणजी १९१८च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, दहा वर्षांची होती.

त्या साथीचा कागदोपत्री इतिहास मुंबईच्या गोदीत सुरू होतो. १० जून १९१८ला गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती माणसं घेऊन गेली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेनं ताप आत आत शिरला. मनमाडहून दौंडकडे जाणारी गाडी तेव्हाही येवल्यावरूनच जायची. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, धान्य महाग झालेलं. देशभरात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि जनगणनेच्या इतिहासात असं पुन्हा झालेलं नाही.

पणजीच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. तिच्या गोष्टीत आठवडाभरात घरातली सगळी मोठी माणसं आडवी झाली आणि चूल दहा वर्षांच्या पोरीकडे आली. शेजारच्या घरांतही तीच गत. पाणी द्यायला माणूस नाही. मग पणजी एका मोठ्या पातेल्यात बाजरीच्या कण्या शिजवायची, पळीपळीनं गाडग्यांत घालायची आणि तीन-चार घरांच्या उंबऱ्यांशी ठेवून हाक मारायची. आतून कुणी ओ दिली की पुढच्या घरी. आजी म्हणते, आत्याबाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा मेलेल्यांचा आकडा दर खेपेला बदलायचा, पण कण्यांची कृती कधी बदलली नाही : बाजरी आदल्या रात्री ओलवून, सडून, जात्यावर भरड काढायची, आधी पातळ शिजवायची, मीठ शेवटी, आणि ताक असलं तर वाढताना. ऐकीव इतिहासात कशावर भरवसा ठेवायचा हे मला तेव्हा कळलं. तारखा आणि आकडे हलतात, पण जे हातानं केलं ते जागचं हलत नाही.

त्याच गोष्टीत पणजीची आई येते. ताप उतरल्याबरोबर ती उठली, सासऱ्यांना पेज भरवायला बसली, धुणी धुतली, आणि पुन्हा आजारी पडून दोन दिवसांत गेली. ही एका घरातली गोष्ट नव्हे. बहुतेक देशांत १९१८च्या फ्लूनं पुरुषांना जास्त मारलं. भारतात बायका जास्त गेल्या. अभ्यासकांनी कारणं दिली आहेत ती हीच : आजाऱ्यांची उस्तवार बायकांकडे, आणि घरात सगळ्यात कमी आणि सगळ्यात शेवटी खाणं त्यांचंच. पणजीनं हे कारण कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं. तिच्या तोंडचं वाक्य आजी तसंच्या तसं सांगते : "आई तापानं नही गेली, उठली म्हणून गेली."

आणखी एक गोष्ट पणजीच्याही आधीची, छप्पन्नच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९-१९००ची. अन्नछत्रावर एक माणूस आला. कित्येक दिवसांचा उपाशी. वाढणाऱ्याला दया आली, त्यानं पोटभर वाढलं. माणूस जेवला, पारावर टेकला आणि तिथंच गेला. म्हणून आमच्या घरात नियम : उपाशी माणसाला आधी हुलग्याचं माडगं, तेही वाटीभर, मग संध्याकाळी पुन्हा वाटीभर, भाकरी दोन-चार दिवसांनी. लहानपणी मला ही भुताखेतांच्या गोष्टींतलीच एक वाटायची. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला 'रिफीडिंग सिंड्रोम' शिकवला तेव्हा मी वर्गात ताठ बसले. दीर्घ उपासात शरीर चरबीवर जगायला लागतं. त्याला एकदम पिठूळ-साखरेचं भरपूर अन्न दिलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देऊ शकतं. म्हणून फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दहा कॅलरींपासून, कधी पाचांपासूनच सुरुवात करायची, आधी थायमिन द्यायचं, रक्त रोज तपासायचं. वैद्यकाच्या पुस्तकांत याचं वर्णन दुसऱ्या महायुद्धानंतर नीट आलं. छळछावण्यांतून आणि युद्धकैद्यांच्या तळांवरून सुटलेली माणसं जेवू घातल्यावर मरत होती.

याच महायुद्धात आपला एक धागा आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात उपाशी माणसांसाठी तांदूळ, साखर आणि दुधाच्या भुकटीचं एक मिश्रण तयार झालं होतं. एप्रिल १९४५मध्ये जर्मनीतली बेर्गेन-बेल्सेनची छावणी मुक्त झाली तेव्हा ब्रिटिशांनी तेच 'बेंगॉल फॅमिन मिक्श्चर' तिथल्या कैद्यांना दिलं. हिशेब बरोबर होता. पण कैदी युरोपातले. त्यांना ते इतकं गोड लागायचं की घशाखाली उतरेना. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग? आमाला मिलो उतरत व्हता का?"

२०२० उलटता उलटता साथ ओसरल्यासारखी वाटली. कॉलेजनं ऑनलाइन केस स्टडी करून घेतल्या, आणि २०२१च्या सुरुवातीला नाशिकच्या एका हॉस्पिटलनं इंटर्न घ्यायची तयारी दाखवली. संक्रांतीला येवल्याचं आकाश पतंगांनी भरलं होतं, माग सुरू झाले होते, लोक म्हणत होते की गेलं संकट. मार्च उजाडला आणि वॉर्ड भरायला लागले.

कोविड वॉर्डात इंटर्नला प्रवेश नव्हता. आमची जागा किचनशेजारची एक खोली. रुग्णांचं वजन, शुगर, किडनीचे आकडे, ऑक्सिजन कशावर आहे ही माहिती व्हॉट्सॲपवर यायची, आणि त्यावरून आम्ही आहार ठरवायचो : दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी, सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं, मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब वेगळा, नळीतून द्यायचं असेल तर दर दोन-तीन तासांनी किती मिली. जेवण एकदाच वापरायच्या डब्यांतून वर जायचं. आणि खरी अडचण तिथे होती, की ताट परतच यायचं नाही. डबे वरच पिशवीत बांधून कचऱ्यात जायचे. शिकवलेलं सगळं तंत्र उरलेल्या अन्नावर उभं, आणि उरलेलं अन्न आमच्या डोळ्यांना दिसायची सोय नाही. कागदावर प्रत्येक रुग्ण अठराशे कॅलरी खात होता.

आमच्या डाएटिशियन मॅडमनी वॉर्डातल्या मावशींना हाताशी धरलं. मावशी म्हणजे वॉर्डात झाडलोट करणाऱ्या, डबे वाटणाऱ्या, किट घालून आठ-आठ तास आत राहणाऱ्या बायका. डबा टाकण्याआधी त्या फोन खिडकीशी धरून व्हिडिओ कॉलवर बोटं दाखवायच्या : चार बोटं म्हणजे सगळं संपलं, दोन म्हणजे निम्मं, मूठ म्हणजे हात लावला नाही. हजेरीच्या वहीसारखी आम्ही ती बोटं वहीत उतरवायचो. बहुतेक मुठीच असायच्या. वास गेलेला, चव गेलेली, तोंडावरचा मास्क काढला की ऑक्सिजन खाली येतो म्हणून दोन घासांत दम लागायचा, त्यात शेजारच्या खाटेवर काय चाललंय ते दिसत असायचं. अशा माणसापुढे आपण पनीर आणि मोड आलेले मूग ठेवून आकडा पूर्ण झाला म्हणायचं!

निफाडकडचे एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. सलग मूठ. मी फोनवर विचारलं, "बाबा, काय खावंसं वाटतं?" बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "पाणीदार काहीतरी द्या. चावायचं नको." खिचडी आम्ही देतच होतो, पण ती घट्ट. हुलगे किचनच्या यादीत नव्हते, आणि ठेकेदाराचा माणूस ऐकून हसला. शेवटी बाजरीची भरड मिळाली. तिची पातळ पेज, त्यात ताक आणि प्रथिनांची पावडर, एका वेळी अर्धी वाटी, पण दिवसातून सात-आठ वेळा. मास्क बाजूला करायचा, चार घोट, पुन्हा मास्क. मॅडमनी तो आहार इतर काही खाटांनाही लावला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आजोबांच्या नावापुढे तीन बोटं दिसायला लागली. ते घरी गेले. त्याच आठवड्यात एक बाई, जिची चार बोटं रोज दिसत होती, गेली. आहारानं कोविड बरा होतो असं मी कधीच म्हणणार नाही; तसं म्हणणाऱ्यांचे संदेश त्या दिवसांत फोनवर ढिगानं येत होते. आहारानं एवढंच होतं की आजारातून उठायची वेळ आली तर उठायला अंगात स्नायू शिल्लक राहतात.

त्या संदेशांनी आमचं काम दुप्पट केलं. फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा पसरून नाशिकसह राज्यभरातले पोल्ट्रीवाले मातीमोल भावानं कोंबड्या विकत होते. वर्षभरानं, तेव्हा कोंबडीला घाबरलेली तीच माणसं पेशंटला दिवसाला सहा अंडी द्या म्हणून भांडत होती. घरून गुळाचा काढा, डब्यातला फळांचा रस, मध यायचं. इकडे डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनं शुगर आधीच चारशेवर. मे महिन्यात म्युकरमायकोसिस, ती काळी बुरशी, वाढली तेव्हा डॉक्टर एकच सांगत होते, शुगर आवरा. केंद्रानं या आजाराची नोंद बंधनकारक करायला राज्यांना सांगितलं ते १८९७च्या साथरोग कायद्याखाली. मुंबई-पुण्याच्या प्लेगात घाईनं केलेला तो कायदा, आणि त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले गेल्या.

२१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. आमच्याकडून त्या दिवशीही संध्याकाळचे डबे सहाला गेले.

त्याच महिन्यात राज्य सरकारनं शिवभोजन थाळी मोफत केली. २६ जानेवारी २०२०ला ती दहा रुपयांत सुरू झाली होती, लॉकडाऊनमध्ये पाच रुपयांवर आली. खातं अन्न व नागरी पुरवठ्याचं, आणि त्याचे तेव्हाचे मंत्री छगन भुजबळ येवल्याचेच आमदार. त्यामुळे आमच्याकडे तिची चर्चा जरा जास्तच. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. माझ्या अंदाजानं साडेपाचशे कॅलरी. एका जेवणाला ठीक, कष्टकऱ्याला कमी. पण टेंपलच्या पौंडापेक्षा हिच्यात एक मोठी गोष्ट आहे, वरण आणि भाजी. कॉर्निशला ती बघून बरं वाटलं असतं.

आजीला मी फोनवर हे ग्रॅम वाचून दाखवले. तिनं विचारलं, "बसून खाऊ घालतेत का बांधून देतेत?"

"साथीमुळे सध्या बांधून देतात."

"मंग घरी जातं," ती म्हणाली. "घरी किती तोंडं हायेत, ते विचार."

यात योजनेला बोल लावण्यासारखं काही नाही. बंद पडलेल्या मागाच्या गावात त्या थाळीनं किती घरं तगली हे मी पाहिलं आहे. फक्त साडेपाचशे कॅलरी हा आकडा थाळीचा आहे, पोटाचा नव्हे, आणि अहवालात तो पोटाचा म्हणून लिहिला जातो. १८७७मध्ये, १९७२मध्ये आणि माझ्या इंटर्नशिपच्या वहीतही हाच घोटाळा होता.

जाता जाता डॉ. गोपालन यांच्याविषयी एक. मानमोडीची दुसरी लाट ओसरत असताना, २९ नोव्हेंबर १९१८ला त्यांचा जन्म झाला, आणि ३ ऑक्टोबर २०१९ला, कोविडच्या काही महिने आधी, शंभरी ओलांडून ते गेले. भारताच्या अन्नाचे आकडे ज्यानं घरोघर पोचवले तो माणूस दोन महामारींच्या मधल्या काळात सगळं आयुष्य जगून गेला.

माझी इंटर्नशिप पूर्ण झाली. मार्च २०२१मध्ये संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला आणि त्यात आहारतज्ज्ञांनाही जागा दिली. त्याची घडी बसेल तेव्हा बसेल. मी आता पेशंटचा आहार लिहिते तेव्हा वजन आणि उंचीच्या आधी दोन प्रश्न विचारते : घरात जेवणारे किती, आणि तुम्ही कितव्या नंबरला बसता?

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरचं माणूस हॉस्पिटलमधून सुटेल तेव्हा फाइलमध्ये एक छापील कागद असेल. त्यावर हाय प्रोटीन, लो सॉल्ट, सॉफ्ट डाएट असं काहीबाही लिहिलेलं असेल. तो घडी घालून ठेवू नका. डाएटिशियनला गाठा आणि विचारा की आमच्या घरात बाजरी असते, हुलगे असतात, आठवड्याला इतकीच अंडी परवडतात, यातून हे कसं बसवायचं. आणि पेशंट निम्मंच खात असेल तर काय करायचं. हे सांगणं तिचं कामच आहे. आणि पेशंट घरातली बाई असेल, तर ती सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते हे तुम्हीच आपणहून सांगा. तो रकाना अजून कुठल्याच फॉर्मवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.